न फोडलेला आहेर

खाडीकाठच्या त्या वाडीत भांडणं बरीच झाली. मासळीच्या वाट्यावरून झाली, बांधावरून झाली, आणि एकदा तर कोंबडा कुणाच्या घड्याळाने आरवतो यावरून दोन घरांत वर्षभर अबोला होता. पण मोठ्या घरची सोनूबाई आणि धाकट्या घरची ठमाबाई या दोन जावांचं भांडण म्हणजे वाडीचं भूषण. मुरुडहून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर नवख्या पाहुण्यांना सांगायचा, "भांडणाच्या स्टॉपला उतरा." पाहुणे बरोब्बर उतरायचे.

भांडण होतं एका तव्यावरून. हा तवा बिडाचा, दोघींच्या सासूचा, जनीबाईचा. त्याला एकच कान. दुसरा कसा गेला, ते वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. फणसाडच्या रानातून एक बिबट्या उतरला आणि थेट जनीबाईच्या चुलीपाशी आला. जनीबाई घावन उलथत होती. तिने घावन तेवढं बाजूला काढून ठेवलं, कारण तांदूळ फुकट घालवणारी बाई ती नव्हे, आणि तापलेला तवा बिबट्याच्या डाव्या कानशिलात हाणला. तव्याचा कान तुटला, बिबट्याचाही गेला. तेव्हापासून त्या बिबट्याला डाव्या अंगाने हाक मारली तर ऐकू येत नाही, असं गुराखी सांगतात. मारून बघितलेला मात्र अजून कुणी भेटलेला नाही.

तेवीस वर्षांपूर्वी जनीबाई गेली. तेराव्याला भांडी वाटायला बसले, तर तवा गायब. सोनूबाईने क्षणभरही न थांबता बोट दाखवलं, "ठमीनं उचलला."

ठमाबाईचा नवरा सदू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहिलं नाही. तिच्या घराची झडती झाली, चुलीतली राखसुद्धा उपसली. तवा मिळाला नाही. पण म्हणून चोरी मिटते थोडीच? सोनूबाई हरिहरेश्वराला गेली आणि समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन बोलली, "तवा माझ्या घरात आसंल, तर माझ्या हातचं घावन तव्याला चिकटून ऱ्हावो." झालं. वाडीने शपथ ऐकली आणि ठमाबाईचं नाव पडलं तवाचोर.

त्या शपथेनंतर सोनूबाईच्या हातचं घावन खरंच चिकटायला लागलं, ही गोष्ट कुणी मनावर घेतली नाही. तिने तांदूळ बदलला, तेल बदललं, पनवेलहून न चिकटणारा तवा आणला. घावन त्यालाही चिकटलं. शेजारणीच्या चुलीकडे नुसतं डोकावून पाहिलं, तरी त्या बाईचं घावन तळाला धरायचं. तिचा नवरा बुधाजी बारा वर्षं घावन खरवडून खात होता. मिठागर विकून त्याने चार ट्रक घेतले होते. घाटात ब्रेक निकामी झाले तरी न डगमगणारा माणूस, पण बायकोसमोर घावनाबद्दल शब्द काढायची त्याची छाती नव्हती.

तवाचोर म्हणवून घेणं ठमाबाईने एकवेळ पचवलं असतं. पचला नाही तो पुकारा. वाडीची रीत अशी, की लग्नात आहेर माइकवरून पुकारायचे आणि पहिला पुकारा वराच्या किंवा वधूच्या काकीचा. तो जिला मिळाला ती घरची. जिचा चुकला ती मांडवात जेवून जाणारी परकी. मोठ्या घरात दोन लग्नं झाली आणि दोन्ही वेळा पहिला पुकारा गेला सोनूबाईच्या माहेरी. "चोराच्या हातचा पयला आहेर घेत न्हाय आमी," सोनूबाईने मांडवात सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

आता राहिलं होतं शेंडेफळ, मितेश. त्याच्यानंतर मोठ्या घरात लग्न नाही. ठमाबाईला अडुसष्टावं लागलेलं. या वेळी पुकारा चुकला, तर मरेपर्यंत ती तवाचोरच राहणार, आणि मेल्यावर तिच्या तेराव्याला लोक भांडी मोजणार.

वैशाखातली तारीख ठरली, तेव्हा बुधाजीने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "शेवटचं लगीन हाय. पुकारा ठमीला देऊया."

सोनूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने चांगदेवला बोलावलं. हा चांगदेव म्हणजे वाडीचा माइक. लग्नात पुकारा, मयतात निरोप आणि एरवी इकडचं तिकडे. सोनूबाई म्हणाली, "सांग जा तिला. देते पुकारा. पन व्हिडिओ चालनार हाय, पोरीकडचे लोक पनवेलचे हायेत. आहेर ष्टेजवर शोभला पायजे. मागल्या येळेसारखा वर्तमानपत्रात गुंडाळून आनला, तर पुकारा माज्या म्हायेरी."

चांगदेवने निरोप जसाच्या तसा दिला, वर स्वतःची चिमूटभर मिरची घातली.

ठमाबाई ओटीवर कांद्याच्या माळा विणत बसली होती. पांढऱ्या कांद्याच्या माळा विणून मुरुडच्या रस्त्याला पर्यटकांना विकायच्या, हा तिचा धंदा. तिच्या हातची माळ अशी, की कांदे संपले तरी वेणी सुटायची नाही. एका मुंबईकराने म्हणे तिच्या रिकाम्या माळेने बंद पडलेली गाडी ओढत नेली होती.

"सांग तुज्या मालकिणीला," ती मान वर न करता म्हणाली, "आहेर तयार हाय. अकरा वर्सं तयार हाय."

आणि तो होताही. अकरा वर्षांपूर्वी ठमाबाईच्या मुलीचं, क्रांतीचं लग्न झालं, तेव्हा सोनूबाईने एक भलं मोठं चौकोनी खोकं आणून ठेवलं होतं. लाल चकचकीत कागद, त्यावर सोनेरी हंस, कोपऱ्यात चिठ्ठी. वाडीतल्या बायकांचे डोळे दिपले. ठमाबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मला चोर म्हणणारीच्या ताटात माझी लेक जेवणार? तिने ते खोकं न फोडता माळ्यावर टाकलं आणि मनाशी गाठ मारली, की तुझ्या धाकट्याच्या लग्नात हेच तुझ्या दारात आणून टाकीन, तुझ्या डोळ्यांदेखत, न उघडता. तू घरी जाऊन उघडशील आणि आपलंच भांडं बघून जळशील. आत काय आहे, याचा तिने विचार केला नव्हता. जड होतं, तेव्हा पितळी ताटं असावीत.

तिने खोकं खाली काढलं. अकरा वर्षांत हंसांचे पाय कसरीने खाल्ले होते आणि कागद पानाच्या पिंकेसारखा विटला होता. हे स्टेजवर शोभणार नव्हतं. वरून नवं काहीतरी चढवायला हवं होतं. खालचा कागद काढायचा प्रश्नच नव्हता. न उघडता म्हणजे न उघडता.

ती मुरुडला गेली. बाजारात भेटवस्तू बांधून देणारं एक दुकान होतं आणि गल्ल्यावर बसायची अमिषा, सोनूबाईच्या माहेरची भाची. पुकारा हुकला तर तो जाणार होता हिच्याच आईकडे.

"कागदाचे तीस, रिबनीचे वीस, फुलाचे पन्नास," अमिषाने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं. "आनि बांधनावळ साठ."

"साठ कशाला गो? सोन्याचा दोरा लावतेस?"

"मावशी, ज्याला परवडत न्हाय त्यानं वर्तमानपत्र वापरावं. तुमाला सवय हाय." मग ती दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आनि हात जरा काउंटरच्या वर ठेवा. आत्यानं सांगून ठेवलंय, तुमी आलात की सामान मोजायचं."

गिऱ्हाइकं हसली. ठमाबाईने दोन्ही हात काउंटरवर ठेवले, अगदी देवळात ठेवावेत तसे. समोर कुणाचातरी आहेर बांधून तयार होता, वर मोठं गुलाबी फूल. तिने त्याच्या गाठीवर करंगळी टेकवली. गाठ सुटली, रिबन घसरली आणि फूल अमिषाच्या चहात पडलं.

"बघ बाय," ठमाबाई म्हणाली, "मी काय उचललं न्हाय. तुजंच तुजं सुटतंय."

घरी येईपर्यंत तिने सगळं ठरवलं होतं.

आमच्याकडे पोफळीची झावळी गळून पडते, तिच्या बुडाला एक रुंद साल असते, तिला विरी म्हणतात. चामड्यासारखी जाड, आतून साईसारखी पांढरट, मऊ. लोक ती चुलीत घालतात. ठमाबाईने वाडीत फिरून बारा विऱ्या गोळा केल्या, दोन दिवस पाण्यात भिजवल्या, ओल्या असतानाच सरळ करून पाट्याखाली दाबल्या. सुकल्यावर त्या इतक्या गुळगुळीत झाल्या, की त्यांच्यावर बसलेली माशी घसरून खाली पडायची; उठायची, पुन्हा बसायची आणि पुन्हा पडायची. शेवटी माशांनी तो नाद सोडला.

विरीचे तुकडे तिने खोक्याच्या मापाने कापले. कडा दुमडताना नवशिकी बाई घाई करते आणि साल तडकते. ठमाबाईने दुमडायच्या रेघेवर आधी ओलं फडकं फिरवलं, मग लाटण्याने दाबलं. केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे काढले. निम्मे कोकमाच्या पाण्यात बुडवून जांभळट लाल केले, निम्मे हळदीत पिवळे केले आणि कांद्याच्या माळेची विणते तशी तिपेडी वेणी विणली. धाग्यांची टोकं काडीने जाळून बंद केली. मग फूल. पांढऱ्या कांद्याच्या सालीचे पापुद्रे असतात, मोत्यासारखे चमकणारे. आयुष्यभर ते झाडून टाकले, आता तेच निवडून घेतले. भाताच्या खळीने एकेक चिकटवत तिने हाताच्या पंजाएवढं कमळ केलं. कांद्याचा वास मारायला आत केवड्याचं पान ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या कमळावर मधमाश्या बसल्या. तिसऱ्या दिवशी केवड्याच्या वासाने परसातला नाग आला, खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालून, कुठेही फट दिसेना म्हणून खाली मान घालून निघून गेला. एकूण खर्च झाला एका काडेपेटीचा, आणि त्यातल्याही निम्म्या काड्या चुलीला उरल्या.

गाठी तिने सात मारल्या. दिसत मात्र एकही नव्हती.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी मांडव नुसता फुलला होता. पनवेलकडचे पाहुणे, मोठ्या घरचे ट्रकवाले, पंखे, व्हिडिओ. स्टेजवर मितेश आणि नवी नवरी प्राप्ती. बाजूच्या टेबलावर चकचकीत खोक्यांचा डोंगर. ठमाबाई डोक्यावर आहेर घेऊन आली, तेव्हा तिच्या अंगावर धुवट लुगडं होतं आणि पायात काही नव्हतं.

तिने आहेर टेबलावर ठेवला आणि बाकीचा डोंगर एकदम भंगारासारखा दिसायला लागला. पनवेलच्या बायका उठून जवळ आल्या. एकीने विचारलं, "कुठल्या दुकानातलं हो?" दुसरी फुलाला हात लावून म्हणाली, "अगं, हा कसला कागद?" व्हिडिओवाल्याने नवरा-नवरीला सोडून कॅमेरा खोक्यावर वळवला. अमिषाची आई पुकाऱ्यासाठी नवी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. ती हळूच दुसऱ्या रांगेत सरकली.

चांगदेवने माइक फुंकला. "ऐका हो ऐका, पयला आहेर..."

"थांब!" सोनूबाईने माइकच हिसकावून घेतला. बोरवेल मारल्यासारखा तिचा आवाज मांडवात घुसला. "वरून शोभतंय. आत काय हाय? विरी काय, कांद्याची सालं काय, सगळा उकिरडा गोळा करून आनलाय. आतबी उकिरडाच आसंल तर? चोराच्या घरचा आहेर तपासून घ्यावा लागतो. फोडा. हितंच. सगळ्यांसमोर."

ठमाबाईच्या पायांखालची वाळू सरकली. हे तिने धरलं नव्हतं. आहेर आहे तिथे फोडायची रीत नाही. तो घरी जाऊन फोडायचा. इथे फोडला, तर सोनूबाईचाच आहेर सोनूबाईला दिला, हे भर मांडवात उघडं पडणार. चोर होतीच, आता भिकारीही ठरणार. आणि पुकारा कायमचा गेला.

"जाऊबाय, आशी रीत न्हाय," ती कशीबशी म्हणाली.

"रीत तू शिकवनार? फोड रे मितेश."

मितेशने गाठ शोधली. सापडेना. चांगदेवने शोधली. नवरीचा मामा पनवेलला कुलपं दुरुस्त करायचा, त्याने बाह्या सरसावल्या. पाच मिनिटांनी त्या खाली सोडून जाऊन बसला. कुणीतरी कात्री आणली, तशा बायका ओरडल्या, की आहेराला कात्री लावत नाहीत, संसार तुटतो. सोनूबाई स्वतः पुढे झाली, तिचं एक नख मोडलं, दुसरं मोडलं. लोक हसायला लागले.

"सोड ना गो!" ती ठमाबाईवर खेकसली. "का आत काय हाय ते ठाऊक हाय म्हनून सोडत न्हाईस?"

आता इलाज नव्हता. ठमाबाईने वेणीचं एक टोक धरून ओढलं. सातही गाठी एका दमात उकलल्या आणि विरीच्या चार पाकळ्या खाली पडल्या.

आत लाल कागद. विटलेला, कसर लागलेला, बिनपायांचे सोनेरी हंस. आणि कोपऱ्यात चिठ्ठी.

चिठ्ठी दिसली की वाचायची, ही चांगदेवची वीस वर्षांची सवय. त्याने माइकवर वाचली, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी क्रांती हिच्या विवाहानिमित्त सप्रेम भेट. सौभाग्यवती सोनूबाई बुधाजी, मोठं घर."

 मग मांडव असा हसला, की वरच्या पताका हलल्या. "आगो बाय, त्यांचाच आहेर त्यांना!" "अकरा वर्सांनी!" "ठमे, मुद्दल दिलंस, व्याज कुठं हाय?" दुसऱ्या रांगेतली पैठणी उठून पुन्हा पहिल्या रांगेत आली.

ठमाबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. तिने मान खाली घातली, आणि म्हणूनच तिला सोनूबाईचा हात दिसला. तो लाल खोक्यावर घट्ट दाबून धरलेला होता.

सगळा मांडव हसत होता, एकटी सोनूबाई हसत नव्हती.

"ऱ्हाऊ दे," सोनूबाई म्हणाली. आवाजातला बोर कुठच्या कुठे गेला होता. "पोचला आहेर. बास झालं. चांगदेव, दे पुकारा. ठमीचाच दे."

ठमाबाईने मान वर केली. तेवीस वर्षं जी बाई पुकाऱ्यासाठी नाकाने कांदे सोलत होती, ती तो फुकट देत होती. फुकटचं काही घ्यायची ठमाबाईला सवय नव्हती.

"का गो जाऊबाय? आत काय हाय ते बगायचं व्हतं ना तुला?"

"न्हाय बगायचं."

"मला बगायचं हाय."

"तुला दिलंय ना पुकारा? गप जा आनि जेव जा!"

"तपासून घे म्हनालीस. आता तपासूच."

एकीने खोक्याची एक बाजू धरली, दुसरीने दुसरी. मितेश मध्ये पडला, तर दोघींनी मिळून त्याला ढकललं. तेवीस वर्षांत दोघींनी मिळून केलेलं ते पहिलं काम. खोक्याचा तळ उंदरांनी आधीच कुरतडून ठेवला होता. एक हिसका ठमाबाईचा, एक सोनूबाईचा, आणि तळ निघाला.

स्टेजच्या फळ्यांवर काहीतरी जड पडलं आणि असं वाजलं, की म्हणतात, फणसाडच्या रानात झोपलेला एक म्हातारा बिबट्या दचकून उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने डावा कान टवकारला.

बिडाचा तवा. एका कानाचा.

गोल गिरक्या घेत घेत तो नवरीच्या पायांशी जाऊन थांबला. 

सोनूबाईला मात्र एवढाच वेळ पुरला. "बगा!" ती ओरडली. "बगा, तवा हिच्याकडंच व्हता! तेवीस वर्सं सांगतेय मी! आज भर मांडवात घावला!"

काहींच्या माना डोलायलाही लागल्या.  ठमाबाई तव्याकडे नुसती बघत होती.

"पन काकी," चांगदेव गोंधळून म्हणाला, आणि माइक चालूच होता, "कागद तुमचा. चिठ्ठी तुमची. चिकटपट्टी पिवळी पडलीय, कुनी उचकटलेली न्हाय. आनि हे भरन..." त्याने खोक्यातून पडलेला एक कागदाचा बोळा उलगडला. "ह्या तर तुमच्या ट्रान्स्पोर्टच्या पावत्या हायेत. क्रांतीच्या लग्नाच्या साली छापलेल्या."

खोक्यात तवा हलू नये म्हणून सोनूबाईने अकरा वर्षांपूर्वी घरातला मिळेल तो कागद कोंबला होता. डाव तिचा सरळ होता. शपथ अंगाशी येतेय, तवा घराबाहेर तर काढायला हवा. मग तो चोरणीच्याच घरी का नको? ठमी आहेर फोडणार, कागद चुलीत घालणार, तव्यावर घावन करणार. कुणीतरी बघणार आणि सारी वाडी म्हणणार, हा बघा तवा. आहेराचा कागद जपून ठेवणारं माणूस वाडीत नव्हतंच. पण आहेर न फोडणारं माणूसही असू शकतं, एवढं वैर कुणी करू शकतं, हे तिच्या हिशेबात नव्हतं. अकरा वर्षं ती ठमीच्या चुलीकडे डोळे लावून बसली होती आणि तवा ठमीच्या डोक्यावर, माळ्यावर, हंसांच्या कागदात.

मागच्या खुर्चीवरून बुधाजी उठला. हळूहळू स्टेजपाशी आला.

"क्रांतीच्या लग्नानंतर," तो म्हणाला, "आठ दिवसांत तुजी घावनं सुटाय लागली. मी इचारलं, तर तू म्हनालीस नवा ग्यास हाय. बारा वर्सं मी खरवडून खाल्ली गो. बारा वर्सं."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. भावजयीवरच्या अन्यायाचं किती आणि घावनांचं किती, हे सांगता येणार नाही.

चांगदेवने घसा साफ केला. "पयला आहेर, धाकट्या घरच्या काकी, ठमाबाई सदू..."

"थांब," ठमाबाई म्हणाली. "आधी त्याच माइकवरून सांगायचं. तवा कोनी चोरला."

"मेले तरी सांगनार न्हाय," सोनूबाई पुटपुटली.

"मग आहेर घेऊन जाते. न पुकारता परत गेलेला आहेर. पनवेलचे पाहुने बगतायत."

परत गेलेला आहेर म्हणजे लग्नावर डाग. नवरीची आई उठून उभी राहिलीच होती. सोनूबाईने माइक घेतला. दाढ उपटताना माणूस बोलेल तशी ती बोलली, "ठमीनं न्हवता चोरला."

"मग कोनी?"

"घरातच व्हता."

"कोनाच्या?"

"माज्या!"

मग पुकारा झाला. चांगदेवने तो असा लांबवला, की पार खाडीपलीकडे होड्यांत ऐकू गेला. ठमाबाईने तव्याला कुंकू लावलं, तो दोन्ही हातांनी उचलून सोनूबाईच्या ओटीत घातला आणि म्हणाली, "आहेर पोचला. आता तवा मोठ्या घरचा." आणि न जेवता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाईने सुनेसाठी घावन घातलं. चिकटलं. प्राप्ती उलथनं घेऊन मदतीला आली, उलथनंही चिकटलं. शपथ म्हातारी झाली नव्हती.

दुपारी बुधाजी तवा घेऊन ठमाबाईच्या ओटीवर. "घे गो बाय. तुजाच हाय तो."

"भावजी, उघडा आहेर कोन देतं? बांधून आना. ष्टेजवर शोभंल आसा."

तवा अमिषाच्या दुकानातून बांधून आला, चकचकीत निळ्या कागदात. ठमाबाईने गाठीवर करंगळी ठेवली. रिबन घसरली. "न्हेऊन परत द्या. बांधनावळ साठ घेतली आसंल, तीबी परत मागा."

चौथ्या दिवशी विरीत गुंडाळून आला. विरी न भिजवता दुमडलेली, चारी कडांना तडकलेली. "चुलीत घाला," ठमाबाई म्हणाली.

नवव्या दिवशी सोनूबाई स्वतः आली. पायरीवर उभी राहिली, वर आली नाही. हाताच्या चार बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. खोकं गुळगुळीत होतं, वेणी तिपेडी होती, एका बाजूने जरा जाड, पण होती.

ठमाबाईने गाठ दाबली. सुटली नाही.

"कोनी शिकवलं?"

"कोन शिकवनार? तूच फेकलेल्या माळा उचकटून बगितल्या," सोनूबाई दातओठ खात म्हणाली. "घेतेस का फेकू खाडीत?"

"कांद्याच्या फुलाला पाकळ्या कमी हायेत."

"ठमे!"

"आन हिकडं."

तिने खोकं घेतलं, शिडीवर चढली आणि माळ्यावर जिथे अकरा वर्षं धूळ बसली नव्हती त्या चौकोनात बरोब्बर ठेवून दिलं. खाली उतरून हात झटकले.

सोनूबाईचा चेहरा उतरला. "फोडनार न्हाईस?"

"फोडीन की. सवडीनं." ठमाबाई कांद्यांपाशी जाऊन बसली. "मितेशला पोर झालं की बारसं आसंल. आहेर तर लागंलच. आनि पयला पुकाराबी."

पुढच्या वैशाखात बारसं झालं. मोठ्या घरच्या दारात सोनूबाई स्वतः उभी होती आणि येणारा प्रत्येक आहेर हातावर तोलून, कानाशी धरून, मगच आत सोडत होती. ठमाबाई आली. तिच्या हातात विरीचं एक सुरेख खोकं होतं, वर कांद्याचं कमळ, भरगच्च पाकळ्यांचं.

सोनूबाईने ते हातात घेतलं. जड होतं.

"काय हाय गो यात?"

"फोडून बग," ठमाबाई म्हणाली, आणि पहिल्या पुकाऱ्यासाठी मांडवात पुढे जाऊन बसली.